नाशिक ते पंढरपूर सायकलने: मदतनिधीच्या राइडसाठी १४ आठवड्यांची तयारी

पहिल्या वर्षी नगरला पोचलो ती संध्याकाळ आनंदात गेली. साधारण १६० किलोमीटर झाले होते, पाय दुखत होते पण चालत होते, वरण-भात पोटभर जेवले आणि लवकर झोपले. दुसऱ्या दिवशी सकाळी सायकलवर टांग टाकली, सीटला अंग टेकलं आणि तशीच खाली उतरले. बसताच येईना. मांडीच्या आतल्या बाजूची कातडी सोलवटली होती. मिरजगावपर्यंतचे पन्नासेक किलोमीटर मी सामानाच्या टेम्पोत बसून गेले. शेजारच्या काकूंनी किलोमीटरमागे दोन रुपये द्यायचं कबूल केलं होतं. परतल्यावर तेवढे किलोमीटर वजा करून त्यांना हिशेब दिला. त्यांनी पैसे पूर्णच दिले, आणि ते मला जास्त लागलं.

त्या वर्षी मी एका दमात १२० किलोमीटर मारायचा सराव केला होता. सलग दोन दिवस सायकल चालवण्याचा केला नव्हता. बहुतेक नवशिक्यांचं इथेच चुकतं. एक मोठा दिवस काढायला जिद्द पुरते. दुसऱ्या सकाळी पुन्हा त्याच सीटवर बसायचं तर शरीराला त्याची सवय असावी लागते. पुढे जे सांगते आहे ते सगळं त्या दुसऱ्या सकाळसाठी आहे.

मार्ग आणि पैसे, सरावाच्याही आधी

आमचा मार्ग असा: नाशिक, सिन्नर, नांदूर शिंगोटे, लोणी, कोल्हार, राहुरी, नगर (आता अहिल्यानगर) हा पहिला दिवस. मिरजगाव, करमाळा, टेंभुर्णी हा दुसरा, साधारण १३० किलोमीटर. तिसऱ्या दिवशी टेंभुर्णीहून पंढरपूर ४५ च्या आसपास. आषाढीच्या काळात हा रस्ता वारकऱ्यांचा असतो आणि पाऊसही असतो, म्हणून आम्ही जानेवारीचा शेवटचा आठवडा धरतो. सरावाची सुरुवात ऑक्टोबरच्या तिसऱ्या आठवड्यात. सिन्नरच्या बाजूला समृद्धी महामार्ग दिसतो, मोह होतो, पण तिथे दुचाकीला बंदी आहे. सायकलचा तर प्रश्नच नाही.

पैसे गोळा करण्याबद्दल माझं मत ठाम आहे. राहणं, जेवण, टेम्पो, टी-शर्ट हा खर्च सायकलस्वारांनी खिशातून करावा. लोकांनी दिलेला रुपया ज्या कामासाठी मागितला त्याच कामाला जावा. आमचं काम म्हणजे पेठ-सुरगाण्याकडच्या पाड्यांवरून लांबच्या शाळेत चालत जाणाऱ्या मुलींना सायकली. पैसे वैयक्तिक खात्यावर घेऊ नका. नोंदणीकृत संस्थेशी आधी बोला, संस्थेच्या खात्यावर थेट जमा करायला सांगा. प्राप्तिकराची सवलत हवी असेल तर संस्थेकडे तशी मान्यता आहे का ते विचारा, आणि २,००० रुपयांपेक्षा जास्त रोख देणगीवर ती सवलत मिळत नाही हे देणाऱ्याला आधीच सांगा. नंतर सांगितलं की माणूस दुखावतो. मागायला सराव सुरू झाल्यावर जा. आठवड्याचे किलोमीटर सांगता आले की लोक मनापासून ऐकतात.

चाळिशी ओलांडलेल्यांनी, रक्तदाब किंवा मधुमेह असलेल्यांनी आणि जिना चढताना छातीत दडपण येणाऱ्यांनी पहिल्याच आठवड्यात डॉक्टरांना भेटावं. इन्सुलिन किंवा मधुमेहाच्या गोळ्या घेणाऱ्यांची साखर लांब राइडमध्ये झपाट्याने खाली येऊ शकते. डोस कसा बदलायचा हे डॉक्टरच सांगतील, आणि खिशात ग्लुकोज कायम हवं.

सीट, शॉर्ट्स आणि कातडी

महागडी सायकल लागत नाही. गिअरची साधी हायब्रिड (सरळ हँडलची, रस्त्यावर चालवायची सायकल) चालते. मात्र ती तुमच्या मापाची हवी आणि सीटची उंची बरोबर हवी. घरीच तपासा: भिंतीला एक हात टेकून सायकलवर बसा, टाच पॅडलवर ठेवा आणि पॅडल अगदी खाली न्या. पाय सरळ झाला पाहिजे आणि कंबर एका बाजूला झुकता कामा नये. आता पाऊल नेहमीसारखं, चवड्यावर ठेवलं की गुडघ्यात थोडा वाक राहतो. तीच उंची. गुडघा पुढून दुखत असेल तर सीट बहुधा खाली आहे, मागून दुखत असेल तर बहुधा वर. बदल एका वेळी अर्ध्या सेंटीमीटरचाच करा आणि दोन-तीन राइड देऊन बघा.

मऊ जेलचं कव्हर घेऊ नका. तासाभराच्या फेरीला ते बरं वाटतं, पण लांब अंतरात अंग त्यात रुततं, मधल्या नाजूक भागावर दाब येतो आणि घर्षण वाढतं. वजन बसण्याच्या दोन हाडांवर यायला हवं, त्यासाठी सीट जरा टणकच बरी. बायकांची ही हाडं साधारणपणे जास्त अंतरावर असतात, म्हणून मागे रुंद असलेली सीट बघा. माझा निम्मा त्रास सीट बदलल्यावर गेला.

पॅडेड सायकलिंग शॉर्ट्सच्या आत अंतर्वस्त्र घालायचं नसतं. हे कुणी मला सांगितलं नव्हतं आणि विचारायची लाज वाटली होती. शिवणी घासतात, घाम अडकतो, फोड येतात. मांड्यांच्या सांध्यात खोबरेल तेल किंवा पेट्रोलियम जेली आधीच लावा. काचायला लागल्यावर उशीर झालेला असतो. राइड संपली की आधी ओली शॉर्ट्स बदला, मग चहा. तीन दिवसांसाठी तीन जोड न्या. एकच जोड रात्री धुऊन सकाळी दमट घालू नका.

हाताची करंगळी आणि शेजारचं बोट बधिर होणं हीसुद्धा नेहमीची तक्रार आहे. हँडलवर तळहाताचं वजन पडून तिथली नस दबते. कोपर किंचित वाकलेलं ठेवा, दर दहा मिनिटांनी हाताची जागा बदला.

१४ आठवडे

पहिले चार आठवडे कंटाळवाणे असतात आणि तसेच असावेत. मंगळवार आणि गुरुवारी तासभर, रविवारी ३० किलोमीटरपासून सुरू करून ५० पर्यंत. गंगापूर रोडने धरणाकडे आणि पुढे गिरणाऱ्यापर्यंत जाऊन यायचं हा माझा आवडता रस्ता, बारीक चढउतारांचा. टोमॅटोच्या हंगामात गिरणाऱ्याला पिकअप गाड्यांची गर्दी होते, तेव्हा लवकर निघा. वेग असा ठेवा की शेजारच्याशी पूर्ण वाक्यात बोलता येईल. धाप लागून शब्द तुटायला लागले की तुम्ही जोर जास्त लावताय. गिअर हलका ठेवून पाय मिनिटाला ८० ते ९० वेळा फिरवायची सवय याच काळात लावून घ्या. जड गिअरवर हळूहळू रेटत राहिलं की सगळा भार गुडघ्यावर येतो.

आठवड्याचं एकूण अंतर एका वेळी दहा टक्क्यांच्या आसपासच वाढवावं, असा जुना ठोकताळा आहे. तो पाळा. दर चौथ्या आठवड्याला अंतर जवळपास एक तृतीयांशाने कमी करा. स्नायू विश्रांतीत बांधले जातात. दिवाळी या वेळापत्रकात येतेच, हलका आठवडा तिथे टाका म्हणजे घरातलंही कुणी नाराज होत नाही.

पाचव्या आठवड्यापासून शनिवार-रविवार जोडी सुरू. शनिवारी ४०, रविवारी ४०. आकडे छोटे वाटतील. पण रविवारी सकाळी पाय जड असताना निघणं हाच सराव आहे. शनिवारी दमून गेल्याशिवाय रविवारचा उपयोग नाही, आणि रविवार टाळला तर शनिवारचाही नाही. त्र्यंबकेश्वर एका बाजूने ३० च्या आत-बाहेर आहे. अंजनेरी उजाडताना डावीकडे दिसते तेव्हा थंडीने बोटं गारठलेली असतात, हातमोजे न्या. आठव्या आठवड्यापर्यंत ही जोडी ७० आणि ५० वर आणा.

आता घाटांबद्दल. नाशिकला राहून घाटाचं वेड लागणं साहजिक आहे. नांदुरीपासून सप्तशृंगी गडावर जाणारा साधारण दहा किलोमीटरचा घाट चढलं की आपण तयार झालो असं वाटतं. गड जरूर करा, दम वाढतो, मन खंबीर होतं. पण पंढरपूरच्या वाटेवर सिन्नरच्या अलीकडचा मोहदरी घाट सोडला तर म्हणण्यासारखा घाट नाही. खरी परीक्षा सपाटीवर होते. घाटात माणूस उठतो, बसतो, उतारावर पाय थांबतात, सीटवरचं वजन हलतं. करमाळ्याच्या सरळ रस्त्यावर तासन्तास पॅडल थांबत नाही आणि अंग एकाच जागी टेकलेलं राहतं. म्हणून निफाडच्या बाजूचे सपाट रस्ते धरा. नांदूर मधमेश्वर ४० किलोमीटरवर आहे, २०२० मध्ये रामसर यादीत, म्हणजे जगातल्या महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या यादीत, गेलेलं महाराष्ट्रातलं पहिलं पाणथळ, आणि आपल्या सरावाच्या महिन्यांतच तिथे पाहुणे पक्षी येतात. जाताना एक नियम पाळा: दर १५-२० मिनिटांनी पॅडलवर उभं राहून दहा-बारा फेऱ्या मारायच्या, म्हणजे दबलेल्या जागी रक्त परत खेळतं. ही सवय अंगात मुरली तर निम्मी लढाई झाली.

नवव्या ते बाराव्या आठवड्यात शनिवारी ९० ते १२०, रविवारी ६० ते ८०. यातला एक शनिवार-रविवार रंगीत तालमीचा. आम्ही सिन्नरमार्गे शिर्डीला जातो, मुक्काम करतो, दुसऱ्या दिवशी परत. दोन्ही दिवशी ८५-९० किलोमीटर. तेच कपडे, तेच खाणं, तीच बॅग, परक्या पलंगावरची झोप. काय काचतं, काय पचत नाही, कोणता स्क्रू ढिला होतो ते इथे कळतं, आणि बदलायला वेळ उरलेला असतो.

आठवड्यातून दोनदा घरी वीस मिनिटं व्यायाम करा: उठाबशा, प्लँक, पोटाचे आणि पाठीचे साधे प्रकार. पाच-सहा तासांनंतर पाठ आणि मान आधी थकतात, पाय नंतर.

नोकरी-घर सांभाळून हे कसं जमायचं, असं विचारणाऱ्यांना मी आपल्याच शहराचं उदाहरण देते. हितेंद्र आणि महेंद्र हे महाजन बंधू डॉक्टर. दोघांच्या गटात त्यांनी २०१५ मध्ये रेस अक्रॉस अमेरिका, म्हणजे सुमारे ४,८०० किलोमीटरची शर्यत पूर्ण केली. आपल्याला त्याच्या चौदाव्या हिश्श्याएवढं अंतर जायचंय. पहाटेचा तास मिळतो, रात्रीचा मोबाइल लवकर ठेवला तर.

खाणं आणि पाणी

भूक लागण्याआधी खायचं. शरीरातली साठवलेली साखर दोनेक तासांत बरीच उतरते आणि मग अचानक पाय रिकामे होतात, डोकं सुन्न होतं, चिडचिड होते. पहिल्या तासापासून दर अर्ध्या तासाला थोडं पोटात गेलं पाहिजे. हिशेब ताशी ३० ते ६० ग्रॅम कर्बोदकांचा. एका मध्यम केळ्यात साधारण २५ ग्रॅम असतात. परदेशी जेलची पाकिटं मी वापरून पाहिली, मला पचली नाहीत. खजूर, राजगिऱ्याची वडी, गुळपोळीचे तुकडे, मीठ लावलेले उकडलेले बटाटे हे सगळं खिशात मावतं. शेंगदाण्याचे लाडू आवडत असले तरी ते थांब्यावर खा. त्यातल्या तेलामुळे पचायला वेळ लागतो.

पाणी ताशी अर्धा ते पाऊण लिटर, घोट घोट. नुसतं साधं पाणी भरमसाठ पिणंही धोक्याचं, कारण घामातून मीठ जातं आणि रक्तातलं सोडियम पातळ होतं. डोकं दुखणं, मळमळ, बोटं सुजणं ही त्याची लक्षणं. एका बाटलीत पाणी, दुसरीत ओआरएस. पाकिटावर एक लिटर लिहिलं असेल तर एक लिटरच. अर्ध्या बाटलीत अख्खं पाकीट ओतू नका. जानेवारीत सकाळी थंडी असते म्हणून तहान कळत नाही आणि दुपारी ऊन चटकतं. लघवीचा रंग गडद पिवळा दिसला तर तुम्ही मागे पडला आहात.

पोचल्यावर तासाभरात नीट जेवा. भात-वरण, पोळी, उसळ, अंडी किंवा पनीर. त्या जेवणावर दुसऱ्या सकाळचे पाय ठरतात. रविवारच्या राइडनंतर मिसळ हा नाशिककरांचा हक्क आहे आणि मीही तो बजावते, पण तीन दिवसांच्या राइडमध्ये तर्रीला हात लावू नका.

काटे, चेन आणि पंक्चर

नगरच्या पुढे रस्त्याकडेला वेडी बाभूळ आहे. तिचा काटा टायर सहज भेदतो आणि आत मोडून राहतो. ट्यूब बदलली आणि काटा तसाच राहिला तर पाच मिनिटांत पुन्हा पंक्चर. म्हणून नवी ट्यूब घालण्याआधी टायरच्या आतून बोटं हळूच फिरवा, बाहेरून डोळ्यांनी बघा, काटा चिमट्याने काढा. दोन जादा ट्यूब, पॅच, टायर लिव्हर (टायर रिममधून काढायची पट्टी), लहान पंप, अॅलन की (षटकोनी पाना) आणि चिमटा प्रत्येकाच्या स्वतःच्या पाऊचमध्ये हवेत. टेम्पो नेमका पुढे गेलेला असतो. मागचं चाक काढून बसवायचा सराव घरी किमान तीनदा करा. हवा टायरच्या कडेला छापलेल्या मर्यादेत भरा आणि रोज सकाळी तपासा. चेन दर २०० ते ३०० किलोमीटरला पुसून तेल लावा, वर राहिलेलं तेल पुसून टाका, नाहीतर त्याला धूळ धरते.

निघायच्या दोन आठवडे आधी दुकानात सर्व्हिसिंग: ब्रेक पॅड, केबल, स्पोक. आदल्या दिवशी सर्व्हिसिंग करू नका.

रस्त्यावर

हेल्मेटशिवाय कुणालाही गटात घेऊ नका, मग तो कितीही जवळचा असो. मागचा लाल दिवा दिवसाही चालू. जानेवारीत सूर्य सातनंतरच वर येतो आणि ऊस वाहणाऱ्या ट्रॅक्टर-ट्रॉल्यांना मागे दिवा बहुधा नसतोच, त्यामुळे पूर्ण अंधारात हायवेवर उतरू नका. ट्रॉलीच्या अगदी मागे वाऱ्याचा आडोसा घेत चालवणं जिवावर बेतू शकतं.

एका रांगेत, पुढच्यापासून निदान एक सायकल अंतर. पुढचा ओरडतो, "खड्डा!", "स्लो!", मागचा ओरडतो, "गाडी मागे!" आणि प्रत्येकाने तो शब्द पुढे-मागे पोचवायचा. समोरचा वारा असेल तर पहिली जागा पाच-सात मिनिटांनी बदला. वेग सगळ्यात हळू चालवणाऱ्याचा, आणि शेवटी कायम एक अनुभवी माणूस. उतारावर ब्रेक वळणाच्या आधी, दोन्ही एकत्र, वळणात नाही.

पहिल्या दिवसाचं गणित मांडून ठेवा. ताशी १८ ते २० ने १६० किलोमीटर म्हणजे आठ-नऊ तास पॅडल, वर दोन तास थांबे. सातला निघालात तर सहाच्या सुमारास पोचाल, तेव्हा अंधार पडायला लागलेला असतो. म्हणून शहरातले पहिले किलोमीटर दिवे लावून सव्वासहाला सुरू करा आणि उजाडताना शिंदे गावाच्या पुढे असा. थांबे दहा मिनिटांचे. अर्धा तास बसलं की पाय आखडतात.

शेवटचे दोन आठवडे आणि ती सकाळ

तेराव्या आठवड्यात अंतर निम्मं, चौदाव्यात दोन छोट्या फेऱ्या. इथे मन अस्वस्थ होतं, राहिलेला सराव भरून काढावासा वाटतो. काढू नका. नवी सीट, नवे बूट, नवी शॉर्ट्स काहीही अंगावर चढवू नका. झोप वाढवा.

दुसऱ्या दिवशी सकाळी उठल्यावर आधी कातडी तपासा. लाल झालं असेल तर धुऊन, पूर्ण कोरडं करून, भरपूर जेली लावा. फोड फुटला असेल तर पट्टी. गुडघ्यात टोचल्यासारखं, प्रत्येक फेरीला वाढत जाणारं दुखणं असेल, छातीत दुखत असेल, चक्कर येत असेल तर टेम्पोत बसा. त्यात कमीपणा नाही. नुसता जडपणा असेल तर पहिले दहा किलोमीटर सगळ्यात हलक्या गिअरवर, बोलत बोलत जा. दुसऱ्या वर्षी मला त्या दहा किलोमीटरांत रडू येत होतं. बाराव्या किलोमीटरला पाय मोकळे झाले. मिरजगावला चहा घेतला तेव्हा काकूंना फोन केला.

परतीला सायकली टेम्पोत घालताना पुढचं चाक काढा, दोन सायकलींच्या मध्ये पुठ्ठा घाला, डिरेलरची (मागच्या चाकाजवळ गिअर बदलणाऱ्या भागाची) बाजू वर ठेवा. पंधरा दिवसांत प्रत्येक देणगीदाराला हिशेब पाठवा: किती जमले, किती सायकली घेतल्या, पावती कुठे. सायकलीबरोबर पंप आणि पंक्चरचं सामान द्या, आणि शाळेतल्या दोन-तीन मुलींना ट्यूब बदलायला शिकवा, नाहीतर पहिल्या काट्याला सायकल भिंतीला टेकते.

वाटपाच्या दिवशी पाना सोबत ठेवा. दुकानातून आलेल्या सगळ्या सायकलींची सीट एकाच उंचीवर असते. प्रत्येकीला बसवा, टाच पॅडलवर ठेवायला सांगा, पॅडल खाली नेऊन पाय सरळ होतो का बघा आणि मगच बोल्ट आवळा. वीस मुलींना दीड तास लागतो.